चार सुतांचं पाणी

कबनूरचा आमचा मळा यंत्रमागाच्या शेडांच्या खालच्या अंगाला आहे. शेडांवरचा पत्रा थेंबभर पाणी जिरवत नाही. मे महिन्यात वळीव कोसळला की सगळं पाणी पन्हळीतून गटारीत आणि गटारीतून थेट आमच्या उसात. बांध फुटायचा, ओघळ पडायची, आणि सरीतली काळी माती ओढ्यावाटे पंचगंगेला जायची.

पाईप घालून पाणी ओढ्यात सोडा, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. त्यानं ओघळ माझ्याकडून शेजाऱ्याकडे गेली असती, एवढंच. मला पाणी पसरून सोडायचं होतं. डोंगराला सलग समतल चर मारतात ते पाणी मुरवायला. मी तसाच चर मारला, पण भरून सांडणारा. दोन्ही टोकं बंद, खालच्या अंगाला काँक्रीटचा काठ, तो अगदी एका पातळीत. गटारीचं पाणी आधी खड्ड्यात पडतं, तिथं गाळ बसतो, वेग मरतो. मग चर तुडुंब भरून पाणी सगळ्या काठावरून सारखं उतरतं.

ऐकायला सोपं. हिशेब केला तेव्हा खरी गोम कळली. हजार चौरस मीटर पत्र्यावर तासाला 60 मिलिमीटर या वेगानं पाऊस पडला, तर सेकंदाला जवळपास 17 लिटर पाणी येतं. सहा मीटर काठावरून ते सांडताना काठावर त्याची जाडी असते जेमतेम 14 मिलिमीटर, म्हणजे साडेचार सूत. काठ बारा मीटर केला तर पाणी आणखी मवाळ होतं, पण जाडी येते नऊ मिलिमीटरवर. मग एक टोक तीन सूत खचलं, की दुसऱ्या टोकावर पाणी नावापुरतं आणि खचलेल्या टोकाखाली पुन्हा ओघळ. काठ जितका लांब, तितकी पातळीची चूक महाग.

त्यात आमची काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात फुगवटा. तिच्यावरचं काँक्रीट पातळीत राहील याची हमी कोण देणार? गवंड्याचं म्हणणं, लोखंड वाढवू. तोड काढली ती शेडमधल्या जॉबरमामांनी. माग बसवताना पाणसळ लावून पायाखाली पत्री सारण्यात त्यांची हयात गेलेली. ते म्हणाले, "हालणारं हालू दे की. वरचं तेवढं सरकतं ठेव."

मग पायातली काळी माती काढून मुरूम ठोकला आणि काठावर लोखंडी अँगल बसवला, उभ्या लांबट भोकांतून बोल्ट आवळून. मृगाआधी लेव्हल ट्यूब धरायची, बोल्ट सैल करायचे, जे टोक उतरलंय ते वर घ्यायचं. मला या सगळ्या कामात हीच गोष्ट सर्वांत हुशारीची वाटते.

काठाखाली हातभर रुंद दगडगोटे आणि पुढं हरळीचा पट्टा. उसाच्या सऱ्या थेट काठाला भिडल्या असत्या तर पसरलेलं पाणी पुन्हा सरीसरीतून गोळा झालं असतं. पट्ट्यापायी दोन सऱ्या गेल्या म्हणून थोरले बंधू अजून कुरकुरतात. त्यांचं एक वेळ चालेल, पण ट्रॅक्टरवाल्याला वळायला नेमकी तीच हिरवी जागा आवडते, आणि चाकाची एक चाकोरी पडली की पाण्याला वाट सापडते. म्हणून पट्ट्याच्या दोन्ही टोकांना दगड रोवलेत. तो दर वेळी शिव्या घालतो.