पांडाची मालिका आणि आमची क्षमा



‘कुंग फू पांडा’ आमच्या घरात अगदी घरचाच झाला आहे. २००८ सालचा पहिला चित्रपट आणि २०११ सालचा दुसरा, दोन्ही मुलाबरोबर इतक्यांदा पाहिले की संवाद पाठ झालेत. म्हणून सुट्टीत त्याच पांडाची टीव्ही मालिका सापडली तेव्हा मुलाइतकीच मीही खूश झाले. ‘लेजेंड्स ऑफ ऑसमनेस’ तिचं नाव. तीन पर्वं, तब्बल ८० भाग. सुट्टीची सोय झाली म्हणायचं!

पण आठवड्याभरातच माझा हिरमोड झाला. पोला जॅक ब्लॅकचा आवाज नाही, शिफू गुरुजींना डस्टिन हॉफमनचा नाही. चित्रंही संगणकावरचीच, पण सिनेमातली ती झाडं, ते धुकं, ती नजाकत नाही. टीव्हीच्या मालिकेला सिनेमाइतका पैसा आणि वेळ मिळत नाही हे मला कळतं, त्यामुळे तेवढ्यावर मी रुसले नसते.

खरी खंत वेगळीच आहे. दुसरा चित्रपट आठवा. शेन नावाच्या मोराने पांडांचं गावच संपवलेलं असतं. पोची आई त्याला मुळ्याच्या खोक्यात लपवून स्वतः शत्रूला दुसरीकडे ओढून नेते. (मुलाने तेव्हा विचारलं होतं, “आई, मुळा आपण खात नाही, पण त्यात लपलं तर चालतं ना?”) मोठा झाल्यावर पोला हे सगळं आठवतं, आणि त्या दुःखाला सामोरं गेल्यावरच त्याचं मन शांत होतं. मग तोफेचा गोळाही तो हाताने अलगद वळवतो. शेवटी आई हिरावणाऱ्या त्या शेनलाही तो सांगतो की जुनं सोडून दे. दशलक्षणाच्या पहिल्या दिवशी उत्तम क्षमेवर प्रवचन ऐकताना मला हमखास हे दृश्य आठवतं.

मालिकेत मात्र पो काहीतरी घोळ घालतो, लपवतो, मारामारी होते, शेवटी चूक कळते, शिफू गुरुजी मान हलवतात. पुढच्या भागात पुन्हा पहिल्यापासून. विनोद बरे आहेत, मूल हसतं. पण कालचं शिकलेलं आज कुणाच्याच लक्षात नसतं.

एका संध्याकाळी, सूर्यास्ताआधीचं जेवण उरकून आम्ही बसलो होतो. मुलगा म्हणाला, “आई, पोला काल कळलं होतं ना खोटं बोलायचं नाही म्हणून? मग आज परत का?”

मी म्हटलं, “अरे, मालिका आहे ती. तो सुधारला तर पुढचा भाग कसा होणार?”

बोलून गेले, आणि भांडी आवरताना ते वाक्य माझ्याच मागे लागलं.

सासूबाईंच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून माझं आणि जाऊबाईंचं बिनसलं, त्याला आता चार वर्षं झाली. दर वर्षी क्षमावाणीला बस्तीत आम्ही एकमेकींसमोर हात जोडतो, “उत्तम क्षमा” म्हणतो. त्या क्षणी मी खोटं बोलत नसते, डोळ्यांत पाणीही येतं. पण दिवाळीचा फराळ करायला एकत्र बसलो की कुणीतरी एक शब्द टाकतं आणि आमचा पुढचा भाग सुरू होतो. मालिकेवर मी किती सहज चिडले!

पोने निदान आपलं दुःख डोळे उघडून पाहिलं. मी ते कधी पाहिलंच नाही. त्या आजारपणात तीन रात्री दवाखान्यात जाऊबाई एकट्या बसल्या होत्या, हे मी आजवर एकदाही त्यांच्यासमोर कबूल केलेलं नाही. नुसती क्षमा मागितली, कशाची ते सांगितलंच नाही.

यंदा क्षमावाणीची वाट पाहायची नाही असं ठरवलंय. येत्या रविवारी त्यांच्याकडे जाऊन त्या तीन रात्रींबद्दल बोलणार आहे. त्या काय म्हणतील माहीत नाही. छातीत धडधडतंय खरं.

मुलाने मालिका चाळिसाव्या भागापर्यंत आणली आहे. पाहू दे. दुसरा चित्रपट मात्र शनिवारी आम्ही दोघं पुन्हा लावणार आहोत.

जय जिनेंद्र.