काट्यापासून सुटलेलं फंक्शन

रोलिंग मिलच्या फाटकावर भंगाराचा ट्रक आधी वजनकाट्यावर चढतो. माल उतरवून पुन्हा चढतो. पहिल्या वजनातून दुसरं वजा केलं की निव्वळ वजन. नवीन जालन्यात बसून मी अशा काट्यांची सॉफ्टवेअरं लिहितो. त्यात प्रत्येक काटा हा एक ऑब्जेक्ट. वजनंही त्याच्यापाशी, आणि भरलेली, रिकामी, पावती या मेथडही. ऑपरेटर कुठलं बटण दाबेल ते आधी ठाऊक नसतं, म्हणून मेथडचं नाव ऐनवेळी हाती येतं.

तेव्हा मी काटा[काम](गाडी) असं लिहितो. (जावास्क्रिप्टला देवनागरी नावं चालतात, मी ती हौसेनं वापरतो.) चौकटी कंस आले की धिस, म्हणजे मेथड ज्या ऑब्जेक्टवर चालते तो, सुटतो, असं पुष्कळांना वाटतं. सुटत नाही. टिंब काय, कंस काय, कॉल करताना डावीकडे काटा आहे ना, मग तोच धिस. सुटतो तो एका ओळीच्या दोन केल्यावर: वर क्रिया = काटा[काम], खाली क्रिया(गाडी). फंक्शन आलं, काटा मागे राहिला.

स्ट्रिक्ट मोडमध्ये मग धिस अनडिफाइन्ड होतो, मेथडनं धिस.वजनला हात लावताच एरर येते. ते परवडलं. सैल मोडमध्ये धिस म्हणजे ब्राउझरची विंडो, आणि विंडो एकच. फाटकावर दोन काटे असतील तर दोघांचं वजन तिथेच लिहिलं जातं. एकाच्या रिकाम्या गाडीचं वजन दुसऱ्याच्या पावतीत वजा होतं. आकडा अगदी खरा वाटतो आणि पैसे त्याच आकड्यावर चुकते होतात. मला या भाषेत सर्वांत भीती याचीच वाटते.

पण हा मोकळेपणा मुद्दाम ठेवलेला आहे. ब्रेंडन आइक यांनी 1995 साली नेटस्केपमध्ये ही भाषा रचताना स्कीमकडून स्वतंत्र फंक्शनं घेतली. म्हणूनच एका काट्याची पावती मेथड कॉल किंवा अप्लाय वापरून दुसऱ्याला उसनी देता येते. 2009 च्या आवृत्तीत फंक्शनला धिस कायमचा जोडणारं बाइंड आलं, 2015 मध्ये ॲरो फंक्शन.

मी बहुधा ॲरो वापरतो: () => काटा[काम](गाडी). बटण दाबेपर्यंत काटा आणि काम एकत्र राहतात. बाइंड काय, ॲरो काय, दरवेळी नवं फंक्शन मिळतं. ते जपून ठेवलं नाही तर बटणाला लावलेला लिसनर काढता येत नाही. नाव मात्र आधी परवानगीच्या यादीशी ताडून घ्यावं, कारण कन्स्ट्रक्टर हे नावसुद्धा काट्यावर सापडतं.