खाली पडलेला चिमटा

माझ्या हाताखाली आजवर अकरा विद्यार्थ्यांनी पीएच्.डी. केली. एखाद्या समारंभात हे कोणी सांगू लागले म्हणजे मी विनयाने मान खाली घालतो. पण ‘हाताखाली’ म्हणजे आपण नेमके काय केले, असे कोणी विचारले तर माझी पंचाईत होईल. आकडे कसे मांडावेत, प्रबंध कसा बांधावा, परीक्षकांपुढे कोठे बोलावे आणि कोठे गप्प बसावे, एवढे मी शिकवतो. साथीच्या रोगांवर संशोधन करू पाहणाराला याहून निराळे काही शिकवावे लागते, ही गोष्ट मला गेल्या पावसाळ्यात एका विद्यार्थिनीमुळे कळली.

ती क्षयाच्या जंतूंवर काम करते. हा जंतू मोठा सुस्त. पटकीचा जंतू संध्याकाळी पेरला तर सकाळी त्याची वसाहत डोळ्यांना दिसते. क्षयाचा जंतू अंडे घातलेल्या हिरव्या खाद्यावर उगवायला चार ते आठ आठवडे घेतो. माघात हातून झालेली चूक दिसायला चैत्र उजाडतो! रोग्याच्या थुंकीत इतर जंतूही असतात. ते मारण्यासाठी आधी कॉस्टिक सोडा घालतात आणि मग त्याचा जोर मोडण्यासाठी दुसरे एक द्रावण एकाच मोठ्या बाटलीतून नळीनळीत ओततात. त्या बाटलीचे तोंड एखाद्या नळीच्या काठाला निसटते लागले, तर तेथले जंतू पुढच्या नळ्यांत जाऊन बसतात. आणि ज्याला क्षय नाही अशा माणसाच्या नावापुढे तो रोग लिहिला जातो. मग त्याने सहा महिने औषध घ्यावे, आणि घरातल्यांनी त्याचे ताट-वाटी निराळी ठेवावी.

तिच्या कामात सहा रोग्यांच्या नळ्यांत एकाच वाणाचा जंतू निघाला होता. वाण एक, म्हणजे रोग एकाकडून दुसऱ्याकडे गेला असला पाहिजे. मी हर्षून गेलो. निबंध लिहून नियतकालिकाकडे धाडलाही. आणि आषाढातल्या एका दुपारी ती माझ्या खोलीत येऊन उभी राहिली. बस म्हटले तरी बसेना.

“सर, त्या सहाही नळ्या एकाच दिवशीच्या आहेत. एकापाठोपाठ एक. त्या दिवशी बाटली लागली होती. मला जाणवले होते. मी वहीत लिहिले नाही.”

माझ्या मनात पहिला विचार आला तो निबंधाचा. दुसरा, तिच्या शिष्यवृत्तीचे आता किती महिने उरले, याचा. ती मात्र म्हणाली, “त्यांतल्या दोघांना नुसत्या आपल्या अहवालावरून औषध सुरू झाले आहे. डॉक्टरांना आधी कळवू या ना?” पन्नाशी उलटलेल्या गुरूला जे पहिल्याने सुचायला हवे होते, ते शिष्येला सुचले. मी मुकाट्याने टेलिफोन उचलला.

निबंध परत मागवला. तिचे एक वर्ष गेले. जाताना तिने दारातून विचारले, “सर, तुमच्या हातून असे कधी झाले होते?”

मी तिला मुल्कोवालची हकीकत सांगितली. हाफकिनसाहेबांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करून 1897 च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते. पुढचे कमी सांगितले जाते. 1902 साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावी ती लस टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली. एकोणीसही जण एकाच बाटलीतले. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांची जागा गेली. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला होता. हिवतापाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ भांडले, तेव्हा कोठे 1907 साली हाफकिन निर्दोष ठरले. परळच्या त्या प्रयोगशाळेला 1925 मध्ये त्यांचे नाव मिळाले.

मुलीने सारे लक्षपूर्वक ऐकले आणि ती गेली. तिने विचारले होते माझे. मी सांगितले मुल्कोवालचे! प्राध्यापकाला इतिहासाची अशी सोय फार.

त्या रात्री मी माझा स्वतःचा प्रबंध कपाटातून काढला. तांबड्या कापडी बांधणीवर धूळ होती. त्यात एका तक्त्याखाली ‘एक नळी फुटली’ असे छापले आहे. नळी फुटली नव्हती. तिच्यातला आकडा इतरांशी जुळत नव्हता, आणि सादर करायची तारीख आठ दिवसांवर आली होती. माझ्या गुरुजींनी विचारले नाही. विचारले असते तर मी काय बोललो असतो, कोणास ठाऊक. ते आता हयात नाहीत. मी समासात पेन्सिलीने खरे काय ते लिहिले आणि खाली तारीख घातली.

सकाळी तिला बोलावून ते पान पुढे केले. तिने दोनदा वाचले.

“तो आकडा काय होता, सर?”

“आठवत नाही,” मी म्हटले. “वहीत लिहिला नव्हता.”