ओंडक्यांचे घर घेण्यापूर्वी

आम्हां इंदूरकरांना लाकडी इमारत अपरिचित नाही. राजवाड्याचे वरचे मजले लाकडाचेच. १९८४ च्या आगीत त्यांची झालेली हानीही आमच्या स्मरणात आहे. आता ओंडके कारखान्यात कापून, त्यांवर क्रमांक घालून, जागेवर जोडून देण्याची घरे निघाली आहेत. निवृत्तीनंतर असे एक घर शहराबाहेर बांधावे, असा आमच्या पुण्याच्या चिरंजीवांचा आग्रह. म्हणून थोडा अभ्यास केला.

लाकूड तोडल्यावरही स्वस्थ बसत नाही. वाळताना ते लांबीत फारसे घटत नाही, जाडीत मात्र घटते. त्यामुळे आडव्या ओंडक्यांची भिंत हळूहळू खाली बसते. तेव्हा लाकूड कितपत वाळवलेले आहे आणि दारे-खिडक्यांच्या डोक्यावर त्यासाठी फट राखली आहे काय, हे प्रथम विचारावे. जोते उंच हवे, छपराच्या पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात. अन्यथा ओल आणि वाळवी यांना आमंत्रणच. सांगितलेल्या किमतीत जोते, वाहतूक, नळ, वीज धरली आहे की नाही, तेही लेखी घ्यावे. बांधकामाची परवानगी आणि आगीचा विमा यांची चौकशी पैसे भरण्यापूर्वीच करावी.

हे सारे जमेल. परंतु बाहेरच्या लाकडाला ठराविक वर्षांनी नवा लेप द्यावाच लागतो. पंचाहत्तरीत मी शिडीवर चढणार नाही. ते काम कोण करील, हे ठरेपर्यंत भविष्यनिर्वाह निधीला हात लावायचा नाही, असे आम्ही उभयतांनी ठरविले आहे.