ओसरीवरचा वाटाणा

लग्न होऊन तिगावात आले, तेव्हा पहिल्याच थंडीत सासूबाईंनी हरभऱ्याचे शेंडे खुडून आणले. माझ्या निपाणीच्या माहेरची ती 'कडली पल्ले'! परकेपणा तिथंच निम्मा सरला.

यंदा सासूबाईंना शेतापर्यंत चालवेना. लेक म्हणाली, ओसरीवर वाटाणा लावू. चिनी लोक त्याचे कोवळे शेंडे लसणावर परततात, 'दोउ म्याओ' म्हणतात त्याला. मी दुकानातून बी आणलं, ते निघालं गुलाबी, औषध लावलेलं! पेरणीला ठीक, पण त्याचे कोंब खायचे नसतात. मग घरातलेच अख्खे वाळके वाटाणे रात्रभर भिजवले आणि ट्रेमध्ये दोन बोटं मातीत दाटीनं पेरले. (डाळ उगवत नाही, हे सांगायला नकोच.) तीनेक आठवड्यांत वीतभर वाढले.

मी कात्री घेऊन आले, तर सासूबाईंनी ती बाजूला सारली. नखानं एकेक शेंडा खुडत म्हणाल्या, "खालची पानं राहू दे, फुटवा येते." महिन्याभरानं त्यांचे हात कामाला लागले होते.

मोठ्या आचेवर दोन मिनिटांत भाजी झाली. भाकरीशी पहिला घास घेऊन सासूबाईंनी विचारलं,

"यात तिखट कुठं हाय?"