नाव आणि नावे

बोट या वाहनाशी माझा पूर्वीचा संबंध भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचपुरता. तिथे आसन जुळवून घेणे याचा अर्थ शेजाऱ्याने आपल्या मांडीवर सरकवलेली टोपली किंचित परत सरकवणे, एवढाच. त्यामुळे हिच्या धाकट्या भावाने अमेरिकेहून, "भावोजी, बोट घेतलीय, पण सीट काही केल्या जमत नाही," असे कळवले, तेव्हा मला त्यात दुःखाचे कारणच सापडेना. बोटीत बसायला सीट आहे, ही बातमीच मला आनंदाची वाटली.

पुढे एका जुलैत आम्ही उभयता मिनेसोटात त्याच्याकडे गेलो. या राज्यात तळी इतकी, की मोटारींच्या नंबराच्या पाटीवरच 'दहा हजार तळी' असे छापलेले. हिवाळ्यात ती गोठतात आणि त्यांच्यावरून चक्क मोटारी जातात. म्हणजे बोटीला पाणी लाभायचे ते उन्हाळ्यातले चार-पाच महिने. शालकाची बोट मिनियापोलिसच्या पश्चिमेला, मिनेटोंका तळ्यात. २० फुटांची, पुढे वळणदार काच, काचेला अ‍ॅल्युमिनियमची चौकट. मोटारीचे चाक डावीकडे लावणारी ही मंडळी बोटीचे मात्र उजवीकडे लावतात. पाण्यावर उजवीकडून आडव्या येणाऱ्याला वाट द्यायची असते, तेव्हा तो आधी दिसलेला बरा.

घोडे अडले होते ते या दिसण्यापाशीच. शालकाची उंची ५ फूट ११ इंच. तो खुर्चीवर ताठ बसला की काचेची चौकट बरोबर डोळ्यांसमोर. तळे त्याला दोन हप्त्यांत दिसायचे, अर्धे चौकटीच्या वर आणि अर्धे खाली. समोरून येणारी बोट नेमकी मधल्या अ‍ॅल्युमिनियमच्या आड! म्हणून तो कधी मान ताणायचा, कधी पोक काढायचा. आठवडाभर कॉम्प्युटरपुढे आखडलेली पाठ मोकळी व्हावी म्हणून घेतलेली ही बोट. पण रविवारी संध्याकाळी तो धक्क्यावर उतरायचा तो कमरेवर हात ठेवून, विठोबासारखा. "एवढा मोसम झाला की विकून टाकणार," असे दर रविवारी म्हणायचा.

खुर्ची मागेपुढे सरकत असे, गोल फिरत असे. वरखाली मात्र होत नसे. पहिल्या शनिवारी त्याने स्वयंपाकघरातले भाजी चिरायचे जाड प्लॅस्टिकचे बोर्ड उचलले. ते पाण्याने कुजत नाहीत म्हणे. ते कापून खुर्चीखाली घातले, लांब बोल्ट आणले आणि खुर्ची २ इंच वर घेतली.

"आता मी भाजी कशावर चिरू?" त्याच्या बायकोने विचारले. पण शास्त्रीय प्रयोगात असल्या प्रश्नांची दखल घ्यायची नसते.

नजर चौकटीच्या वर गेली खरी, पण काचेवरून उसळणारा वाराही आता थेट कपाळावर. ताशी २५ मैलांना डोळ्यांतून असे पाणी, की पाहणाऱ्याला वाटावे बोटीचे हप्ते थकलेत! शिवाय मांड्या चाकाला घासू लागल्या. चाक तिरपे केले, तर वेगाचा काटा त्याच्यामागे दडला.

दुसऱ्या शनिवारी उलटा प्रयोग. बोर्ड निघाले, गादीही पातळ आली. काचेतून आता सगळे स्वच्छ दिसे. पण वेग घेताना बोटीचे नाक वर उठते, तेव्हा समोर फक्त आकाश. आणि गुडघे हनुवटीशी गप्पा मारायला आलेले.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, वर बँकेतला कारकून. मला यात नवल वाटले नाही. "अरे, हा द्विनोंदी पद्धतीचा मामला आहे," मी म्हणालो. "एक इंच डोळ्यांना जमा केलास, की तो गुडघ्यांच्या नाहीतर कपाळाच्या नावे पडणारच. नाव म्हटली की नावे आलेच!" या कोटीवर मी एकटाच हसलो.

तिसऱ्या शनिवारी मूळची गादी परत बसवून आम्ही निघालो. ऐन तळ्याच्या मध्यावर खुर्ची डुगडुगू लागली. हा इंजिन बंद करून पान्हा घेऊन वाकला. बोल्ट आवळला गेला, पण हा काही उठेना. पाठीत उसण भरली होती. हिने माझ्याकडे पाहिले. मी आकाशाकडे पाहिले.

"मी नेते," त्याची बायको म्हणाली.

उंची ५ फूट १ इंच. तिने खुर्ची पुढे ओढली, बोटीचे नाक वर उठले तेव्हा क्षणभर उभी राहिली, खाली आल्यावर बसली. चौकट तिच्या डोळ्यांच्या चांगली चार बोटे वर. वारा नाही, पोक नाही. बोटीच्या अभ्यासक्रमाला दोघे बरोबरच बसले होते आणि मार्क तिला जास्त होते, हे तेव्हा कळले.

"मग इतके दिवस का नाही चालवलीस?"

"भावोजी, किल्ली कधी माझ्याकडे आलीच नाही."

खुर्चीत खोट नव्हती, काचेतही नव्हती. चार मोसम ती दोघे बिचारी योग्य माणसाची वाट बघत होती. शालक मागच्या बाकावर उताणा पडून, पहिल्यांदाच डोळे भरून तळ्याकडे बघत होता. बोट विकायचे नाव त्याने पुन्हा काढले नाही.

पुण्याला परतल्यावर पहिल्याच सकाळी मी टेप घेऊन स्वयंपाकघरात गेलो. आमचा ओटा आईने स्वतःच्या बेताने घालून घेतलेला, ३० इंचांचा. आई पावणेपाच फूट. ही साडेपाच. १८ वर्षे ही त्यापुढे वाकून पोळ्या लाटतेय, रात्री कंबर शेकतेय. आणि बँकेतली माझी खुर्ची करकरते म्हणून मी तीन अर्ज केलेले!

"काय मोजताय?"

"ओटा चार इंच उचलावा म्हणतो."

तिने पोळी तव्यावर टाकली. "उचला की. पण खर्च कुणाच्या नावे?"

"माझ्या."

जमेच्या बाजूला काय पडले ते सांगत नाही. पण त्या सकाळी दुसरा चहा न मागता मिळाला, आणि त्यात आले होते.