टायमर होता, तरी बिल तेवढंच

मोबाइलच्या चार्जरला टायमर लावणारा आमच्या एकोडीत बहुधा मी एकटाच. विजेची बचत करायची म्हणून गोल तबकडीचे टायमर आणले आणि सुरुवात नेमकी चुकीच्या टोकाकडून केली. मोबाइल काढून घेतल्यावर चार्जर खातो अर्ध्या वॉटच्याही आत. टायमर स्वतः एखादा वॉट खातो. चिल्लर राखायला पगारी माणूस ठेवल्यातला प्रकार.

मग फ्रीज. रात्री चार तास बंद ठेवला. तेवढ्यात आत शिरलेली उष्णता पहाटे कॉम्प्रेसरला बाहेर काढावीच लागली. बचत नावाला, दूध मात्र नासलं.

गिझरच्या बाबतीत तर मूर्खपणाच. 2000 वॉटचा गिझर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतो. माझा टायमर 6 अँपिअरचा. जाड पिनेचा प्लग त्यात बसत नव्हता, म्हणजे वस्तूच सांगत होती की जमणार नाही. मी मध्ये कन्व्हर्टर घालून बसवला. काही दिवसांनी जळक्या प्लास्टिकचा वास आला. पाहतो तर सॉकेटचं एक भोक काळं पडून वितळलेलं. आग लागली नाही, हे नशीब.

शेवटी कूलरकडे वळलो. खरं तर पहिल्यांदा तिथेच जायला हवं होतं. मे महिन्यात भंडारा जिल्ह्यात कूलर रात्रभर चालतो. पहाटे आपण चादर ओढून घेतो, पण उठून बटण कोण बंद करणार? 200 वॉटचा कूलर तीन तास उगाच चालला तर महिन्याला 18 युनिट जातात. महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटच्या पुढे दर चढतो, तेव्हा हे 18 महागातच पडतात.

पण इथेही फसलो. तबकडीच्या कडेला 15-15 मिनिटांच्या 96 खुंट्या असतात, बॅटरी नसते. वादळात संध्याकाळी लाइन गेली की तबकडी जागीच थांबते. चारला बंद व्हायचा कूलर सातपर्यंत घरघरत राहिला. आई म्हणाली, "लाइन गेली का तुझा डबाबी झोपते."

तेव्हा लाइन वारंवार जात असेल तर बॅटरीवाला डिजिटल टायमरच घ्या, आणि तो कूलरला लावा. गिझरला लावायचा तर 16 अँपिअरचाच. फ्रीजला कुठलाच नको.